आडवी बेरीज, उभी बेरीज

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'वेळ वाचवणारी साधनं'. आणि सोबत बजावलंय की पंधरा मिनिटांच्या वर जायचं नाही, कारण नंतर जेवण आहे. शाळेत मी भाषण पाठ करून यायचे आणि तिसऱ्या वाक्याला विसरायचे, हे इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. म्हणून आज कागद हातात ठेवलाय.

मी वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करते. नेमकं काय करतेस, असं आमच्या नातेवाइकांकडे प्रत्येक लग्नात विचारतात. मी सांगते, जे काम माणसाला पुन्हा पुन्हा तसंच करावं लागतं, ते यंत्राला शिकवायचं. हे मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले, असं माझं बरीच वर्षं मत होतं. खरं तर त्याचा पहिला धडा मी आपल्या शाळेच्या शिक्षकखोलीत घेतला होता.

नववीची सहामाही झाली होती. आपल्या वर्गशिक्षकांनी, म्हणजे गणिताच्या सरांनी, मला आणि आणखी एका मुलीला निकालाच्या कामाला बसवलं. टेबलावर तो भला मोठा निकालपत्रकाचा कागद. आम्ही उत्तरपत्रिकेवरचा आकडा मोठ्याने वाचायचा, सर तो लिहायचे. सगळे आकडे भरले की आडवी बेरीज, म्हणजे एकेका मुलाचे एकूण गुण. मग उभी बेरीज, म्हणजे एकेका विषयाचे संपूर्ण वर्गाचे गुण. शेवटी उजव्या बाजूच्या सगळ्या बेरजांची बेरीज आणि तळाच्या सगळ्या बेरजांची बेरीज एकच आली पाहिजे. नाही आली तर समजायचं, कुठेतरी हात घसरलाय. त्या दिवशी आमची बेरीज नऊने चुकत होती. सर म्हणाले, "फरकाला नऊने भाग जातोय ना? मग कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असणार." आणि खरंच, एका बेरजेत ५४ च्या जागी ४५ लिहिलं गेलं होतं. पुढे इंजिनिअरिंगला रांगा आणि स्तंभ असे दोन्हीकडून तपासून चूक पकडायची पद्धत शिकवली, तेव्हा वर्गात मी एकटीच हसत होते. हे मला माहीत होतं.

त्याच दुपारची आणखी एक गोष्ट. मी आकडे वाचत होते आणि एका नावाशी सर थांबले. "काय म्हणालीस? १८? याला मागच्या चाचणीत ४१ होते." त्यांनी पेन खाली ठेवलं, उत्तरपत्रिका मागून घेतली आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिली. पहिली दोन गणितं बिनचूक होती, पुढे कोरं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत सरांनी त्या मुलाला बाजूला घेतलं. वडील अंथरुणाला खिळले होते आणि तो पहाटे चारला उठून दूध घालत होता. पेपरात त्याला डुलकी लागली होती. पुढचं वर्षभर शाळा सुटल्यावर एक वर्ग त्याच्यासाठी उघडा राहायचा, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. तो आज इथे बसला आहे. हे सांगायची परवानगी त्याने सकाळी नाश्त्याच्या वेळी दिली, नाव सांगायची दिली नाही. सर, तुम्हाला मात्र नाव सांगायची गरज नाही.

ही गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे मी परत येणार आहे.

आता आपण ज्याला एक्सेल म्हणतो, त्या प्रकारच्या तक्त्याचा जन्मसुद्धा एका वर्गातच झाला. अमेरिकेत हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयात डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी होता. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडत. एक आकडा चुकला किंवा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. ब्रिकलिनच्या मनात आलं, एक आकडा बदलल्यावर बाकीचे आपोआप बदलणारा फळा असता तर? बॉब फ्रँकस्टन या मित्राबरोबर त्याने तो बनवला आणि १९७९ मध्ये 'व्हिजिकॅल्क' नावाने तो बाजारात आला. खडू-डस्टरच्या वैतागातून जन्मलेलं साधन आज जगभरातल्या कचेऱ्या चालवतंय. शिक्षकांनी संगणकाला बिचकायचं कारण नाही, ते यासाठी सांगितलं.

आता मूळ गोष्टीकडे येते. आपली एक वर्गमैत्रीण दुसऱ्या गावात शिक्षिका आहे, सातवीची वर्गशिक्षिका. काही वर्षांपूर्वी एका रविवारी रात्री तिचा फोन आला. "अगं, तू कॉम्प्युटरवाली ना? मग माझा एवढा निकाल कर. चार दिवस झाले, घरात कोणाशी धड बोलले नाहीये."

तिचं काम आधी समजून घेतलं. वर्गात ५४ मुलं, कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण धरून ९ विषय. या तिन्हींचं फक्त आकारिक मूल्यमापन, बाकी प्रत्येक विषयाचं आकारिक वेगळं, संकलित वेगळं. म्हणजे एका सत्राचे ८१० आकडे. आकारिकचे ४०, संकलितचे ६०, त्यांची बेरीज, मग शेकडा, मग श्रेणी. ९१ च्या पुढे अ-१, ८१ पासून अ-२, ७१ पासून ब-१ अशी उतरंड. हे सगळं आधी नोंदवहीत, मग निकालपत्रकात, मग प्रत्येकाच्या प्रगतिपुस्तकात. तोच आकडा तीन ठिकाणी लिहायचा. शिवाय प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी. आणि हे सगळं शिकवणं, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं आणि निवडणुकीचं काम सांभाळून. 'मॅडमना काय, दुपारी मोकळ्याच' असं म्हणणाऱ्याने एकदा ते निकालपत्रक हातात घेऊन बघावं.

मी तिला एक्सेलचा तक्ता करून दिला. कसा केला ते थोडक्यात सांगते, कारण इथे बसलेल्यांपैकी सात-आठ जण शिक्षक आहेत आणि बाकीच्यांपैकी अर्धे सोसायटीचे नाहीतर मंडळाचे खजिनदार आहेत. तत्त्व तेच आहे.

पहिला नियम, एक माहिती एकदाच लिहायची. एका मुलाला एक ओळ, त्या ओळीत त्याचे आकडे. बेरीज, शेकडा, श्रेणी हे सगळं सूत्राने. निकालपत्रक आणि प्रगतिपुस्तक या त्याच तक्त्यातून निघणाऱ्या प्रती. वर्डमध्ये मेल मर्ज नावाची सोय आहे. लग्नपत्रिकेवर नावं घालतो तसं, एकच नमुना आणि ५४ प्रगतिपुस्तकं.

दुसरा नियम, ओळख नावाने ठेवायची नाही, नोंदणी क्रमांकाने ठेवायची. एकाच वर्गात एकाच नावाच्या दोन मुली असतात. एकच आडनाव एकीकडे ऱ्हस्व आणि दुसरीकडे दीर्घ लिहिलेलं असतं. माणसाला ते एकच वाटतं, यंत्राला दोन. तिच्या शाळेतली जुनी यादी तर पूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांची भेळ. सगळी नावं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करावी लागली. एक अख्खी संध्याकाळ गेली, पण ती पुन्हा कधी घालवावी लागली नाही.

तिसरा नियम, गैरहजर म्हणजे शून्य नव्हे. मूल आजारी म्हणून चाचणीला आलं नाही आणि आपण त्या चौकटीत शून्य भरलं, तर एक्सेल सरासरी काढताना ते शून्य मोजतं. चौकट रिकामी ठेवली किंवा 'गैर' लिहिलं तर त्या चौकटी वगळतं. एवढ्याशा फरकाने मुलाचा शेकडा कुठल्या कुठे जातो. आणि तुकडी वगैरे लिहिताना '७-१' असं टाइप केलंत तर एक्सेल तुम्हाला न विचारता त्याची तारीख करून टाकतं. त्या चौकटी आधीच 'मजकूर' या प्रकारच्या करून ठेवायच्या.

चौथा नियम सरांचा. आडवी आणि उभी बेरीज सूत्राने काढली की ती नेहमीच जुळते, म्हणून ती तपासणी उरत नाही. यंत्र बेरीज चुकत नाही. पण आपण भरलेला आकडा चुकीचा असला, तर ते चुकीच्या आकड्याची बरोबर बेरीज करतं. म्हणून ४० पैकीच्या रकान्यात ४० च्या वरचा आकडा जाणारच नाही असं बंधन घातलं, आणि आकडे भरून झाल्यावर एकीने उत्तरपत्रिकेवरून वाचायचं, दुसरीने पडद्यावर बघायचं. तिची मुलगीच हे काम करायला बसायची. तीस वर्षांपूर्वीची शिक्षकखोली पुन्हा उभी राहिली म्हणा ना.

चार दिवसांचं काम एका संध्याकाळवर आलं. तिने मला घरी जेवायला बोलावून पुरणपोळी घातली आणि मी स्वतःवर फार खूश झाले. खूश झालेला इंजिनिअर धोकादायक असतो. पुढच्या सत्रात मी तिला न मागितलेली एक सोय करून दिली. म्हटलं, त्या वर्णनात्मक नोंदींचंही बघू. श्रेणीप्रमाणे ठरलेली वाक्यं टाकून ठेवली. अ-१ असेल तर 'अभ्यासात उत्तम गती', ब-२ असेल तर 'प्रगती समाधानकारक, सातत्य ठेवावे', आणि असंच खाली. नोंदी आपोआप भरू लागल्या. तिने विचारलं, "हे चालेल ना गं?" मी म्हटलं, "नाहीतरी सगळे तयार पुस्तकातून उतरवतातच."

दुसऱ्या सत्राच्या निकालाला एका मुलीची आई तिला भेटली. मुलगी शांत, मागच्या बाकावर बसणारी. आईने प्रगतिपुस्तक पुढे केलं. "बाई, तुम्ही दोन्ही वेळेला प्रगती समाधानकारक लिहिलंत. आम्हाला वाटलं ठीक चाललंय. परवा डॉक्टरांकडे नेलं, तर तिला फळ्यावरचं दिसतच नव्हतं. मोठा नंबर निघाला." आई भांडायला आली नव्हती. भांडली असती तर बरं झालं असतं, असं मैत्रीण म्हणाली.

त्या रात्री आम्ही दोघींनी फोनवर तो तक्ता उघडला. सगळं त्यात होतं. गणित पहिल्या सत्रात ६८, दुसऱ्यात ४४. विज्ञान ७१ वरून ५०. मराठी, हिंदी, सामाजिक शास्त्रे जागच्या जागी, चित्रकला तर वाढलेली. म्हणजे जे विषय पुस्तकातून समजतात ते टिकून होते आणि जे फळ्यावर सोडवून दाखवावे लागतात तेवढेच घसरले होते. सगळ्यांची सरासरी मात्र तेव्हाही ब-२ आणि आताही ब-२. सूत्राने सरासरी पाहिली आणि 'समाधानकारक' लिहून मोकळं झालं. हाताने आकडे लिहीत असती, तर ६८ च्या शेजारी ४४ लिहिताना तिचं पेन थांबलं असतं. निदान थांबायची शक्यता तरी होती. मी ती शक्यताच काढून टाकली होती.

चूक तिची नव्हती. तिने मला विचारलं होतं आणि उत्तर मी दिलं होतं.

तेव्हा मला नववीतली ती दुपार आठवली. सर बेरीज करत होते, असं आम्हाला वाटत होतं. बेरीज तर ते करतच होते, पण ती करता करता ते एकेका मुलाकडे बघत होते. ते बघणं कोणत्याही नियमात लिहिलेलं नव्हतं, त्यासाठी वेगळा तास नव्हता, निकालाच्या कंटाळवाण्या कामाच्या पोटात ते होऊन जायचं. मी ते काम उचललं तेव्हा पोटातलं बघणंही त्याच्याबरोबर गेलं, आणि आम्हा दोघींना ते गेल्याचं कळलंसुद्धा नाही. काम लवकर संपल्याचा आनंदच एवढा होता.

आम्ही तक्ता फेकून दिला नाही. पुन्हा हाताने ८१० आकडे लिहा, असं मी तिला सांगू शकत नाही. दोन बदल केले. एक, प्रत्येक विषयाचा मागच्या सत्राशी फरक काढणारा रकाना घातला. कोणत्याही एका विषयात १५ पेक्षा जास्त घसरण असेल तर ती चौकट लाल होते, मग सरासरी काही का असेना. लाल चौकटींची एक वेगळी यादी निघते. तिला तिने नाव दिलंय, 'यांच्याशी बोलायचं'. दोन, तयार नोंदी काढून टाकल्या. नोंदीची चौकट रिकामी असते आणि ती तिने स्वतः भरल्याशिवाय त्या मुलाचं प्रगतिपुस्तक छापायला निघतच नाही. एका मुलाला दोन मिनिटं धरली तर ५४ मुलांना पावणेदोन-दोन तास. वाचलेल्या चार दिवसांतले दोन तास. पहिल्या वेळी लाल यादीत सहा मुलं होती. त्यातल्या दोघांबद्दल तिला आधीच माहीत होतं, चौघांबद्दल नव्हतं. त्या मुलीने चष्मा लावला, ती पुढच्या बाकावर आली आणि आठवीत तिचं गणित पुन्हा साठीच्या वर गेलं. पण सातवीचं ते अर्धं वर्ष तिला डोळे बारीक करून काढावं लागलं, ते मला परत करता येणार नाही.

आता कोणी म्हणेल, तुझा एक्सेल जुना झाला, हल्ली चॅटजीपीटी आहे. खरं आहे. त्याला सांगितलं तर ५४ मुलांच्या ५४ नोंदी तो वेगवेगळ्या शब्दांत लिहून देईल. म्हणजे माझीच चूक, पण चांगल्या मराठीत. आधी निदान एकसारखी वाक्यं बघून पालकांना संशय यायचा, आता तोही येणार नाही. त्याचा उपयोग मी दुसरीकडे करायला सांगते. एकाच पद्धतीची वीस गणितं वेगवेगळे आकडे घालून काढून घ्या, उत्तरं मात्र स्वतः सोडवून बघा, कारण तो ठामपणे चुकतो. सहलीच्या परवानगीच्या पत्राचा मसुदा करून घ्या. आणि मुलांची नावं, गुण, आजार, घरची परिस्थिती असं काहीही त्यात टाकू नका. ती माहिती पालकांनी शाळेवर विश्वास ठेवून दिलेली असते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला जास्त जपलं आहे.

शिक्षक नसलेल्यांसाठीही एक अनुभव. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. रोज रात्री दोन वाजता तो सगळ्या फाइलींची दुसरीकडे प्रत ठेवायचा. तीन महिने निवांत झोपले. एकदा खरंच जुनी फाइल हवी झाली, तर कळलं की डिस्क भरल्यामुळे तो दोन महिन्यांपासून रिकाम्या फाइली ठेवत होता. तक्रार करायला मी त्याला शिकवलंच नव्हतं. तेव्हापासून आपोआप होणाऱ्या प्रत्येक कामावर मी महिन्यातून एकदा स्वतः नजर टाकते. विजेचं बिल बँकेतून आपोआप जातं ना, खुशाल जाऊ द्या. पण दोन महिन्यांतून एकदा ते बिल उघडून बघा. घरात वीज जास्त खर्च होतेय, हे पूर्वी रांगेत उभं राहून बिल भरताना कळायचं. आता कळत नाही.

तर मी काय सांगते आहे? वेळ वाचवा, जरूर वाचवा. ज्या कामात डोकं लागत नाही आणि तेच तेच तिसऱ्यांदा करावं लागतंय, ते यंत्राला द्या. मात्र देण्याआधी एकदा स्वतःला विचारा, हे काम करता करता माझं आणखी कशाकडे लक्ष जात होतं? जे सापडेल ते वहीत लिहून ठेवा आणि त्याला वेगळी जागा द्या, वेळापत्रकात वेगळा तास द्या. आपोआप ते पुन्हा होणार नाही.

जाता जाता आजच्या मेळाव्याबद्दल. नोंदणीचा गूगल फॉर्म मी केला होता. दोन दिवसांत चाळीस नावं आली आणि मी ग्रुपवर अंगठे गोळा केले. पण आपल्या तुकडीतल्या अकरा जणांचा नंबरच कोणाकडे नव्हता. फॉर्म त्यांच्यापर्यंत पोचणार कसा? आपल्यातला एक जण शाळेत गेला, जनरल रजिस्टरमधले पत्ते पाहिले आणि तीन रविवार स्कूटर घेऊन गावोगाव फिरला. अकरापैकी आठ जण आज इथे आहेत. आणि मगाशी सांगितलेला तो पहाटे दूध घालणारा मुलगा, तीन रविवार स्कूटरवर फिरलेला माणूस तोच आहे. हे सांगायची परवानगी मात्र मी घेतलेली नाही. त्याने रागवावं.

सर, तुमची आडवी-उभी बेरीज मी अजून करते.